मीटरची पुसलेली काच

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरात घडलेली.

मी चार इयत्ता शिकलेली बाई. मला गोष्टी रचता येत नाहीत, आणि रचत बसायला वेळही नाही. ज्यांना पटायचं नाही त्यांनी आत्ताच पान उलटावं. नंतर येऊन मला शहाणपण शिकवू नये.

आणखी एक. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो. कुत्री रडायला लागतात, दिवे जायला लागतात. इथे तसलं काही नाही.

इथे दुपारचे चार वाजलेत. लख्ख ऊन पडलंय.

आणि एक मोटरसायकल आहे.

बहिणीला सगळे माई म्हणतात, मीसुद्धा. नवरा लवकर गेला, तेव्हा गाड्यांच्या सीटा शिवून तिने दोन मुलगे वाढवले. खाली दुकान, वर घर, मागे पत्र्याची शेड. दुकानात रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, दोन शिलाई मशीन. पण कुठेही बोट फिरवा, धुळीचा कण सापडायचा नाही. माईच्या हातात सदा एक पिवळं फडकं. माई झोपली तरी तिचं फडकं जागं असतं, असं मी तिला तोंडावर म्हणायचे.

मुलगे दोघंही तेच काम शिकले. थोरला मोजकं बोलणारा, सरळ रेषेत कापणारा. धाकटा तोंडाळ, हसरा, माझ्यावर गेलेला. दोघांनी मिळून एक जुनी मोटरसायकल घेतली. लांबच्या प्रवासाची. दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, पुढे वारा अडवायला काच, एकोणीस लिटरची टाकी. गाडी घोड्यासारखी पळायची. खोड एकच.

पेट्रोलचा काटा खोटं बोलायचा.

टाकी काठोकाठ भरा, काटा अर्ध्यावर. टाकी कोरडी होऊ द्या, काटा अर्ध्यावर. चढ लागला की वर सरकायचा, उतार लागला की खाली. मिस्त्रीने दोनदा टाकी उतरवून बघितली. आत पेट्रोलवर एक फ्लोट तरंगतो, तो अडकतो म्हणाला. तिसऱ्यांदा नेली तेव्हा त्याने हात जोडले.

"माई, या काट्यापेक्षा माझ्या मेव्हण्यावर विश्वास ठेवा. तो निदान कधीतरी खरं बोलतो."

मग भावांनी आपला नियम केला. मीटरच्या काचेआड एक छोटा आकडा होता, किती किलोमीटर झाले ते मोजणारा. त्याच्याशेजारी, काचेच्या कडेला, बटण. दाबलं की खट् करून आकडा शून्यावर. जो पेट्रोल भरेल त्याने बटण दाबायचं. भरलेली टाकी चारशे किलोमीटर जाते. साडेतीनशे दिसले की भरून घ्यायचं. काट्याकडे बघायचंच नाही.

शेडच्या दारावर थोरल्याने खडूने लिहूनही ठेवलं... 'भरली की शून्य.'

पुढे दोघांचं बिनसलं. धाकट्याने एका गिऱ्हाइकाची सीट उलटी कापली. थोरल्याने गिऱ्हाइकासमोर त्याच्या कानाखाली वाजवली. गुन्हा केवढा, शिक्षा केवढी! सात महिने दोघं एका छताखाली राहिले, समोरासमोरच्या मशीनवर बसले, पण एक शब्द नाही. एकाला कात्री हवी असली तर तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "कात्री कुठाय कुणास ठाऊक."

माई वैतागली. दोघांना उभं करून म्हणाली, "आजपासून ऐका. तुमचे निरोप न्यायला मी पोस्टमन नाही. यापुढे मी एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही."

माई एकदा बोलली की बोलली. आमच्या घराण्याचं रक्तच तसं.

त्यानंतर दोघा भावांत बोलणारी एकच वस्तू उरली. गाडीच्या मीटरमधला तो आकडा.

तो बुधवार होता. उन्हाळा असा की पत्र्याला हात लावला तर फोड यावा.

आदल्या संध्याकाळी थोरला लांबून गाडी घेऊन आला होता. आकडा होता तीनशे बासष्ट. पेट्रोल संपत आलेलं. दमला होता, भरली नाही. सकाळी तो फोम आणायला टेम्पोतून गेला.

अकराच्या सुमारास माई फडकं घेऊन शेडमध्ये गेली. मीटरच्या काचेवर प्रवासातले चिलटं-किडे चिकटून वाळलेले. माईला ते बघवेना. तिने काचेवर थुंकी लावली आणि जोर करून पुसलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा...

खट्.

तीनशे बासष्ट गेले. तिथे शून्य.

ती तिथेच थबकली. टेपने सीटा मोजणारी बाई, आकडे तिला चांगले कळत होते. सांगू दोघांना, म्हणाली मनाशी. मग तिला आपलीच प्रतिज्ञा आठवली. पोस्टमन नाही मी. बघू, जेवताना सांगू.

दुपारी अडीचला धाकटा घाईघाईत शेडमध्ये आला, माई त्याच्या मागोमाग. मागे दोन सीटा बांधल्या. माळाच्या पलीकडे गिऱ्हाइकाला पोचवायच्या होत्या. जायचे नव्वद किलोमीटर, जुन्या रस्त्याने. त्याने चावी फिरवली. काटा उठून अर्ध्यावर आला, नेहमीसारखा. मग त्याची नजर आकड्यावर गेली.

शून्य.

त्याच्या तोंडावर हसू आलं. सात महिन्यांत न दिसलेलं.

"माई, बघ ना! साहेबांनी माझ्यासाठी टाकी भरून ठेवलीय."

माईच्या जिभेवर शब्द आला होता.

"आज परत आलो की मीच बोलतो दादाशी," तो म्हणाला. "त्याचा हात उठला खरा. पण ताणून तर मीच धरलं."

माईने त्याचं तोंड बघितलं. मग काट्याकडे बघितलं. अर्धी टाकी दाखवत होता. तिने मनाला समजावलं... अर्धी तर आहेच की. नव्वदाला काय होतंय. बोलतील तर बोलू देत.

ज्या काट्याला ती स्वतः चार वर्षं शिव्या घालत होती, त्याच्यावर त्या एका घटकेला तिने विश्वास ठेवला.

तिने फडकं हलवून त्याला निरोप दिला.

गाडी अडतिसाव्या किलोमीटरला बंद पडली. त्या जुन्या रस्त्याने आता कुणी जात नाही, नवा झाल्यापासून. झाड नाही, माणूस नाही, फोनला रेंज नाही. एवढी मोठी गाडी त्याने तीन किलोमीटर ढकलली. पुढे बंद पडलेला टोलनाका आहे, तेवढीच सावली. तिथवर पोचला.

सहा वाजता एका पाण्याच्या टँकरवाल्याला तो दिसला. भिंतीला टेकून बसलेला, हेल्मेट मांडीवर. ऊन लागलं होतं. केव्हाच गेला होता.

टाकीचं झाकण उघडं होतं. आकडा होता एक्केचाळीस.

पुढचं सांगायला नको. सगळ्यांची बोटं थोरल्याकडे. टाकी न भरता शून्य केलं ते यानेच. राग होता ना मनात, कुजबुजले लोक. थोरला एकच घोकत राहिला, "तीनशे बासष्ट होते. मी डोळ्यांनी बघितले. तीनशे बासष्ट." कुणाला पटेना. महिन्याभराने त्याचं त्यालाही पटेनासं झालं.

"सवयीने दाबलं गेलं असेल, माई," तो म्हणाला. "माझंच बोट होतं."

माई समोर बसली होती. काही बोलली नाही.

मीही तिथेच होते. मला वाटलं, दुःखाने वाचा गेलीय बिचारीची. माणूस ओळखण्यात मी कधी चुकत नाही अशी माझी मिजास. चुकले.

गाडी शेडमध्ये उभी राहिली. माई तिकडे फिरकेना. शेडला कुलूप, चावी थोरल्याकडे.

पावसाळा संपल्यावर थोरल्याची बायको, माईची सून, म्हणाली, विकून टाका ती. थोरल्याने गाडी धुतली, कॅनने आणून टाकी काठोकाठ भरली, बटण दाबून शून्य केलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं.

सकाळी कुलूप उघडलं तर आकडा...

एक्केचाळीस.

गाडी जागची हलली नव्हती. स्टँडखालच्या धुळीत चाकाचा माग नव्हता. थोरल्याने गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं आणि परत शून्य केलं. दुसऱ्या सकाळी परत एक्केचाळीस. मिस्त्री म्हणाला, आतलं चक्र सटकत असेल. बरं, सटकत असेल. पण रोज एक्केचाळीसवरच सटकतं?

मग आवाज सुरू झाला.

आधी सुनेने ऐकला. मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. दुपारचे चार. दुकानातली मशीन बंद, गल्ली सामसूम. आणि बंद शेडमधून...

खळ्ळ.

थोडा वेळ काही नाही.

खळ्ळ... खळ्ळ...

टाकीत किती पेट्रोल आहे हे बघायला माणूस गाडी डावीकडे-उजवीकडे हलवतो, कान लावतो, तसा. धाकट्याची ती सवयच होती.

सून कपडे टाकून वर पळाली. थोरल्याने कुलूप काढून बघितलं. आत कुणी नाही. टाकीला हात लावला.

आतलं पेट्रोल अजून हिंदकळत होतं.

असं पुढे रोज. चार वाजले की खळ्ळ. सुनेने चारला माहेरच्यांना फोन करायची वेळ ठरवून टाकली, कान गुंतवायला.

माईला मात्र याहून वेगळंच काही दिसलं. एक दिवस शेडचं दार उघडं होतं म्हणून तिने बाहेरूनच आत पाहिलं. गाडीवर धुळीचा हा थर. सीटवर धूळ, टाकीवर धूळ, पेट्यांवर धूळ.

फक्त मीटरची काच... स्वच्छ.

गोल पुसलेली. फडक्याचे फराटे दिसत होते. कडेला थुंकीचा ओला डाग.

"तू पुसतेस होय, माई?" थोरल्याने सहज विचारलं. "पुस, पुस. तेवढंच बरं वाटतं तुला."

माईने सात महिन्यांत शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

वर्ष होत आलं. थोरला वाळून अर्धा झाला. शिवताना सुई बोटात घुसायची आणि त्याला कळायचं नाही. आणि एका बुधवारी सकाळी त्याने पेट्रोलचा कॅन आणला. टाकी पुन्हा झाकणापर्यंत भरली. दाबलं, शून्य केलं.

"कुठे निघालास?" माई म्हणाली.

"त्याच रस्त्याने. त्याच वेळेला. बघू तर, ती कुठे थांबते."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"फिरू दे. मला कळायला हवं, माई. नाहीतर मी असा जगू शकत नाही."

सूनही रडून थकली. तो ऐकेना. तेव्हा माईने चपला घातल्या, सुनेचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि दोन्हीकडे पाय टाकून मागे बसली. बासष्ट वर्षांची बाई!

"उतर, माई."

"तू उतर, मग मी उतरते."

अडीच वाजता निघाले.

जुना रस्ता लागला. दोन्हीकडे करपलेला माळ. वाऱ्याचं नाव नाही. थोरला आकडा मोठ्याने वाचत होता. तीस. पस्तीस. छत्तीस.

काटा अर्ध्यावर. नेहमीसारखा.

सदतीस.

अडतीस...

काटा हलला. खाली आला. सावकाश, कुणीतरी बोटाने दाबावा तसा. शून्यावर जाऊन आडवा झाला.

गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

थोरल्याने झाकण उघडलं. आत पेट्रोल. काठाला बोटभर कमी. उन्हात चमकत होतं.

त्याने गाडी धरून हलवली. डावीकडे. उजवीकडे. पेट्रोल हललं, माईने डोळ्यांनी बघितलं.

पण आवाज नाही.

थेंबाचासुद्धा नाही. टाकी भरलेली, आणि कानाला कोरडी.

"माई," थोरला म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "त्याला असंच वाटलं असेल ना. भरलीय, भरलीय... आणि आत काही नाही."

त्याने हँडल धरलं आणि गाडी ढकलायला लागला. घराच्या दिशेने नाही. पुढे.

"अरे, मागे फिर!"

तो ऐकत नव्हता. माई त्याच्यामागे चालू लागली. डांबर चपलेला चिकटत होतं. एकोणचाळीस झाले. थोरल्याचा शर्ट भिजून परत वाळला, पाठीवर मिठाचा पांढरा पट्टा उठला. घाम यायचा थांबला होता. धाकटा गेला तेव्हा डॉक्टर काय म्हणाला होता ते माईला आठवलं. घाम थांबला की समजा, वेळ थोडा उरला.

"थांब रे राजा. पाणी पी."

"मी ढकलत नाहीये, माई," तो म्हणाला. "मी फक्त धरलंय."

तेव्हा माईला पावलं ऐकू आली.

थोरल्याचे बूट. तिच्या चपला. आणि...

गाडीच्या पलीकडच्या अंगाला आणखी एक. फरफटत, दमून टाकलेलं पाऊल. ती थांबली. थोरल्याचं पाऊल पुढे गेलं. आणि ते दुसरंही पुढे गेलं. त्याच्या जोडीने.

चाळीस.

समोर टोलनाका दिसला. ती भिंत. ती सावली. थोरल्याचे ओठ निळे पडले होते. तो सरळ त्या भिंतीकडे निघाला होता. टेकायला.

माई धावली. आडवी जाऊन गाडीसमोर उभी राहिली.

"मी पुसलं!" ती ओरडली. "काच मी पुसली. बटण माझ्या हातून दाबलं गेलं. तीनशे बासष्ट होते. तुझं खरं होतं रे, तीनशे बासष्टच होते."

थोरला थांबला.

"तो म्हणाला, दादाने टाकी भरली," माई म्हणाली. आता ती कुणाशी बोलत होती तिलाच ठाऊक. तिची नजर गाडीच्या पलीकडे होती, जिथे कुणी नव्हतं. "मला ठाऊक होतं, भरलेली नाही. पण तू हसलास रे. परत आलो की बोलतो म्हणालास. मला वाटलं... बोलाल तुम्ही दोघं."

माळावर काही हललं नाही.

मग...

खळ्ळ.

टाकीत. कुणी हात न लावता.

मीटरमधून बारीक आवाज आला, शिलाई मशीनचं चाक भराभर फिरावं तसा. आकडे फिरत होते. थोरल्याने वाकून बघितलं, माईने बघितलं. फिरता फिरता ते एका ठिकाणी थांबले.

चारशे तीन.

तीनशे बासष्ट, आणि त्या दिवशीचे एक्केचाळीस. तिने काच पुसली नसती तर जो आकडा असता, तो.

काटा उठला आणि अर्ध्यावर येऊन बसला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

थोरल्याने गाडी घराकडे वळवली. दारात तिला उतरवलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "एक शब्द, माई. फक्त एक शब्द."

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. आजतागायत.

परतीचे एक्केचाळीस किलोमीटर आकड्यात चढलेच नाहीत. गाडी शेडमध्ये आहे. आकडा चारशे तीन. तो आता हलत नाही. थोरला जेवतो, अंग धरू लागलाय. सून म्हणते, सुटलं एकदाचं.

सुटलं असेल. मला तसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी चार दिवस राहून आले. माईने मला हे सगळं सांगितलं, फडक्याशी चाळा करत, मान वर न करता. मी तिला बोलायचं ते बोलले. बहीण आहे, सोडते होय? मग बोलता बोलता घड्याळात चार वाजले.

माई उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्यामागे गेले.

शेडचं दार लोटलेलं होतं. थोरला आत होता. बोलत होता. सीटांबद्दल, फोमबद्दल, कुठल्या गिऱ्हाइकाबद्दल. जरा बोलायचा, मग गप्प. दुसरं माणूस उत्तर देतंय तेवढा वेळ गप्प. मग पुन्हा बोलायचा.

"वेड लागलंय त्याला," मी माईच्या कानात म्हणाले.

माईने नाही अशी मान हलवली आणि एक पाऊल पुढे टाकलं. तिची चप्पल वाजली.

आतलं बोलणं थांबलं.

आम्ही दोघी दाराला बिलगलो. मग आत ते हसले.

बोलणं मी एकाचंच ऐकलं होतं, ते शपथेवर सांगते.

हसू दोघांचं होतं.